रोसेंदाचं चोरीला गेलेलं घर

१

"बाई, रोसेंदाचं घर चोरीला गेलं," रुदेसिंदो दारातूनच म्हणाला.

मी माते नावाच्या कडू चहासाठी पाणी तापत ठेवलं होतं. खिडकीतून बाहेर पाहिलं. उताराच्या तळाशी, चॅपलच्या शेजारी, रोसेंदाचं घर होतं तिथेच होतं. आता तिथे राहणाऱ्या फिदेलियाच्या चुलीचा धूर पावसातून कसाबसा वर चढत होता.

"ते नाही हो," तो म्हणाला. "थडग्यावरचं."

मग मात्र मी किटली खाली उतरवली.

आमच्या लिंकाय बेटावर जुन्या थडग्यांवर लाकडाची छोटी घरं बसवलेली असतात. कमरेएवढी उंच, वर उतरतं छप्पर, भिंतींना लाकडी कौलं. माणूस ज्या घरात राहिला त्याच्यासारखंच ते करायचं, म्हणजे त्याला परकं वाटत नाही. रोसेंदाचं छोटं घर स्मशानातल्या सगळ्यांत जुन्यांपैकी. पण त्याच्यावर फुक्सियाचं झुडूप इतकं वाढलं होतं की छपराचा कणा तेवढा दिसायचा. मी जन्मभर त्याच्या शेजारून गेले, पण ते पुढून कसं होतं हे मला सांगता आलं नसतं.

रुदेसिंदो बेटावरचा सुतार. होड्या बांधतो, कौलं तासतो, आणि गप्पा मारताना हात थांबतात म्हणून कुठलंच काम वेळेवर देत नाही. तिसरीत होता तेव्हाही असाच होता. या बेटावर दाढी पांढरी झालेल्या कुणालाही विचारा, तो माझ्या वर्गात बसलेला असतो. म्हणून मी निवृत्त झाले तरी सगळ्यांची बाईच राहिले, आणि काही हरवलं, कुणाचं भांडण झालं, की पावलं माझ्या दाराकडे वळतात.

"आता सगळे त्या पाहुणीचं नाव घेणार," रुदेसिंदो म्हणाला.

पाहुणी म्हणजे इस्मेनिया. बुधवारच्या लाँचने ती पाताग्योनियाहून आली होती, आणि तिच्या मांडीवर एक लाकडी पेटी होती. पेटीत तिच्या आईची, एल्सिराची, हाडं होती. एल्सिराचा जन्म तिकडचा, मरणही तिकडचंच. पण मरताना तिने लेकीकडून वचन घेतलं होतं: मला लिंकायला रोसेंदाजवळ नेऊन ठेव, आपण रोसेंदाचे.

त्या संध्याकाळी आम्ही चॅपलमध्ये जमलो होतो. आमच्याकडे पाद्री क्वचित येतो, एरवी प्रार्थना, घंटा, स्मशान, किल्ल्या असं सगळं फिस्काल बघतो, आणि आमचा फिस्काल आबेलिनो नाउतो. नियमाचा पक्का, धिप्पाड, म्हातारा झाला तरी ओंडका एकटा उचलणारा. त्याने पेटी वेदीच्या पायाशी ठेवली आणि गुडघा टेकला. एकच; घंटेच्या शिडीवरून पडल्यापासून त्याचा डावा पाय वाकत नाही, तो बाजूला लांब ठेवून बसतो. प्रार्थना झाल्यावर त्याने नियम सांगितला. जुन्या थडग्याशेजारी जागा हवी तर त्या घराण्यातल्या कुणीतरी म्हणायला हवं, की हो, ही आमची.

रोसेंदाच्या घराण्यात आता एकच माणूस उरलंय, फिदेलिया बारिया. तिने पेटीकडे पाहिलं, इस्मेनियाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "रोसेंदाला एकच मुलगा. बाल्दोमेरो. माझा आजोबा. ही कुठून उगवली?"

शनिवारी लाँच परत जाणार होती. इस्मेनियाची रजा तेवढीच होती. तोवर कुणी "आमची" म्हटलं नाही, तर पेटी आली तशी परत जाणार होती.

आणि आज शुक्रवार.

२

स्मशानाच्या फाटकात पाच-सहा जण छत्र्या घेऊन उभे होते. फिदेलिया सगळ्यांच्या पुढे होती. तिचं म्हणणं ठरलेलं होतं: परकं बाईमाणूस आलं आणि रात्रीत वस्तू गेली, आता यात शोधायचं काय. आबेलिनो जरा मागे, टोपी हातात घेऊन उभा होता. पाऊस त्याच्या टकलावरून ओघळत होता.

मी त्यांना फाटकाबाहेरच थांबवलं. वर्गात माझा एक नियम होता. आधी काय दिसतं ते सांगायचं, काय वाटतं ते नंतर. पोरं घाईघाईत दुसरं आधी सांगतात. मोठी माणसं तर दुसरंच फक्त सांगतात.

मग मी काय दिसतं ते पाहिलं.

फुक्सियाच्या फांद्या एका बाजूला सारलेल्या होत्या, तोडलेल्या नव्हत्या. मध्ये चौकोनी उघडी जमीन. छोट्या घराखालची माती इतकी वर्षं पाऊस न लागल्यामुळे फिकट असायला हवी होती, पण ती दिसत नव्हती, कारण तिच्यावर नाल्काची पानं अंथरली होती. छत्रीएवढी मोठी पानं, खालच्या पानावर वरच्याची कड चढवून, पाणी उताराने निघून जाईल अशी. देठांवर दगड ठेवले होते.

"चोर छप्पर घेऊन गेला आणि म्हातारी भिजू नये म्हणून पांघरूण घालून गेला," मी रुदेसिंदोला हळूच म्हणाले.

"कौलं घालतात तशी घातलीत," तो म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. "बाई, माझ्याकडे बघू नका. कौलं घालता येत नाहीत असा माणूस या बेटावर दाखवा."

ते खरं होतं. मी खाली वाकले. पानांच्या कडेला चिखलात वाटीएवढा एक गोल खळगा होता. त्याच्या डाव्या हाताला, बऱ्याच अंतरावर, टाचेने ओढल्यासारखी एक लांबट चर. पाऊस दोन्हींत भरत होता. फाटकापर्यंतच्या पायवाटेवर आमच्या पावलांशिवाय काही नव्हतं. घसटल्याची किंवा ओढल्याची खूण तर कुठेच नाही.

मी छत्री त्या खळग्यावर धरली आणि थोडा वेळ तशीच उभी राहिले. मग छत्री उचलली. पावसाने खूण पुसली तरी आता चालणार होतं.

"काय दिसलं?" फिदेलियाने फाटकातून विचारलं.

"पानं," मी म्हटलं.

३

इस्मेनिया शाळेत उतरली होती. हिवाळ्याची सुट्टी, शाळा रिकामी, आणि फिदेलियाने आपल्या घरातली पाहुण्यांची खोली तिला द्यायला नकार दिला होता. दारात आडवी उभी राहून तिने इस्मेनियाला उंबरा ओलांडू दिला नव्हता, हे सगळ्या बेटाने पाहिलं होतं.

शाळा म्हणजे एकच लांबट खोली. दार कोपऱ्यात. त्या दाराचा उंबरा वेडावाकडा आहे: डावीकडे, अगदी खांबाला लागून, खोल झिजलेला. आणि त्या खळग्यात लाकडाची एक कठीण गाठ वर आलेली, अर्ध्या बटणासारखी, बाकीचं बटण जणू खांबाखाली गेलंय. पोरं तिला "अर्धा डोळा" म्हणतात. डावा पाय तिथे पडला की घसरतो. म्हणून पहिलीत आलेल्या प्रत्येक मुलाला मी अक्षरांच्याही आधी एक गोष्ट शिकवली: उजवा पाय आधी.

इस्मेनियालाही मी आल्या दिवशी तेच सांगितलं होतं. ती विसरली नव्हती. मी आत गेले तेव्हा ती शेकोटीशी बसून माते पीत होती.

ती रागावलेली नव्हती, थकलेली होती. आपण वस्तू नेली नाही हे तिने एकदाच सांगितलं. पुन्हा नाही. ते मला आवडलं. मग मी तिला आजीबद्दल विचारलं. म्हणजे आईच्या आजीबद्दल, कान्देलारियाबद्दल, जी स्वतःला रोसेंदाची मुलगी म्हणवायची, असं तिने चॅपलमध्ये सांगितलं होतं.

इस्मेनियाला जे ठाऊक होतं ते आईकडून ऐकलेलं. रोसेंदाचा नवरा मुख्य भूमीवर आलेर्सेची झाडं तोडायला गेला आणि परतलाच नाही. तिने एकटीने बटाटे लावले, मेंढ्या राखल्या, मोडलेली हाडं बसवली. एकदा वादळात चॅपलमधली मूर्ती होडीत घालून, वल्ही मारत, सुखरूप परत आणली. हे शेवटचं आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे. पण मूर्तीच्या डोक्यावर तिने आपला ओला झगा टाकला होता आणि स्वतः नुसत्या परकरावर किनाऱ्याला लागली, हे मला नवीन होतं. आमच्याकडे ते वगळून सांगतात.

"आणि घर?" मी विचारलं.

"आई घराबद्दल सारखं बोलायची. मधोमध दार, दोन्हीकडे एकेक खिडकी. दोन चुली. एका चुलीशी रोसेंदा आणि मुलगी, दुसरीशी मुलगा. सकाळी दोन धूर निघायचे आणि वर जाऊन एक व्हायचे." तिने मातेचं भांडं खाली ठेवलं. "हे मी चॅपलमध्ये सांगितलं तेव्हा ती फिदेलिया हसली. म्हणाली, माझ्या घराला दार कोपऱ्यात, चूल एक. बाई, मी चुकीच्या बेटावर आले का?"

चॅपलमध्ये हे ऐकलेल्या प्रत्येकाचा चेहरा मी आठवून पाहत होते. एक सोडून सगळे फिदेलियाकडे बघत होते. तो एक जण मात्र पेटीकडे बघत होता.

४

फिदेलियाच्या दाराशी बटाट्यांचं पोतं होतं, आणि पोत्याशी आबेलिनो. तो मला बघून घाईने निघाला. दर आठवड्याला तो बटाटे आणतो, फिदेलिया विधवा झाली तेव्हापासून, आणि दर आठवड्याला ती त्याला सांगते, ठेव तिथे आणि जा. सगळ्या बेटाला यातलं कळतं. फक्त त्या दोघांत कुणी ते बोलत नाही.

तिच्या घराचं दार उजव्या कोपऱ्यात आहे आणि अरुंद आहे. फिदेलिया त्यातून तिरकी होऊन बाहेर आली आणि माझी नजर ओळखून म्हणाली, "हसा. माझ्या बाल्दोमेरो आजोबाने दार बारीक माणसांसाठी केलं."

मी तिला विचारलं की इस्मेनियाची तिला एवढी चीड का. एल्सिराची हाडं किती जागा खाणार?

फिदेलिया पोत्यावर बसली. मग तिने जे सांगितलं ते मला अपेक्षितच होतं. शेजारच्या बेटावर तिच्या मावसबहिणीकडे असाच कुणी नातेवाईक आला होता, फुलं घेऊन, डोळ्यांत पाणी आणून. वर्षभराने तो वकील घेऊन आला, आणि मावसबहिणीला घर विकून त्याचा वाटा द्यावा लागला.

"आधी हाडं येतात, मागून माणसं," ती म्हणाली. "मला मूलबाळ नाही, बाई. हे घर सोडून मला कोण आहे?"

"आणि थडग्यावरचं घर तू हलवलंस?"

"मला हलवायचं असतं तर मी जाळलं असतं. हलवून ठेवू कुठे?"

खरं बोलत होती. तिला पहिलीपासून खोटं बोलताना कान लाल व्हायची खोड आहे, आणि तिचे कान पावसाने निळे पडले होते.

मी पावसातून आत जायला वळले. तिच्या उंबऱ्यावर जाड गोणपाट टाकलेलं होतं. मी त्यावर उजवा पाय टाकला, शाळेच्या सवयीने, आणि गोणपाटाखालच्या खळग्यात पाय घसरून पडता पडता वाचले.

"डावा आधी टाकायचा," फिदेलिया म्हणाली. "उजवीकडे खड्डा आहे. म्हणून तर गोणपाट."

मी गोणपाटाची कड उचलून पाहिली. मग ती होती तशी खाली सोडली आणि फिदेलियाला म्हटलं, दुपारी शाळेत ये, चुलीवर काही नसेल तर.

"मी काय पहिलीत आहे?"

"तेव्हाही तू उशिराच यायचीस," मी म्हटलं.

५

रुदेसिंदो किनाऱ्यावर उलट्या होडीखाली बसून धूर दिलेले शिंपले खात होता. मी त्याला विचारलं, शाळा पहिल्यापासून तिथेच आहे का.

"कशी असेल? मिंगा करून आणली," तो म्हणाला, आणि त्याचे हात थांबले ते थांबलेच. आमच्याकडे माणसं जागा बदलतात तेव्हा घर मागे सोडत नाहीत. सगळा गाव आणि बैलांच्या जोड्या जमतात, घर ओंडक्यांवर चढवतात आणि ओढतात. मध्ये पाणी असलं तर भरतीला तरंगवत नेतात. यालाच मिंगा म्हणतात. याच उन्हाळ्यात रुदेसिंदोच्या बहिणीचं घर टेकडीवर चढवलं. त्या दिवशी जेवण घालताना तिच्या चुलीवरचं भांडंसुद्धा जागचं हललं नव्हतं, असं ती सांगते.

शाळेचं घर त्याच्या आजोबाने आणलेल्यांपैकी. बेटाच्या पलीकडच्या पेहुएलच्या टोकावर ते रिकामं पडलं होतं. पाताग्योनियाला गेलेल्या कुणा बाईचं. ती सांगून गेली होती की मी नाहीच आले तर पोरांना वापरू द्या. नाव आजोबाला आठवत नव्हतं. खालच्या तुळयांवर अजून समुद्रातले शिंपले चिकटलेले आहेत.

"घर जड असलं तर?" मी विचारलं.

"तर करवत आहे की. दोन तुकडे करायचे, दोनदा ओढायचं." तो शिंपला तोंडात टाकता टाकता थांबला. "किंवा दोन वारस असले तर."

"ऊठ. स्मशानात जाऊ."

वाटेत मी त्याला चौथीतला धडा विचारला. जंगलात वाट चुकली तर दक्षिण कशी ओळखायची? शेवाळावरून, तो म्हणाला. आपल्याकडे ऊन उत्तरेकडून येतं, म्हणून शेवाळ दक्षिणेच्या बाजूला धरतं. पोरगा चौथीत पास झाला होता तो उगाच नाही.

स्मशानात मी त्याला म्हटलं, आता सगळ्या छोट्या घरांकडे बघ आणि मला चुकलेलं घर दाखव. तो रांगांमधून फिरला. मागच्या कोपऱ्यात बुडालेल्या कोळ्यांची थडगी आहेत, तिथे सहसा कुणी जात नाही. तिथे तो उभा राहिला. एका छोट्या घराचं शेवाळ उत्तरेला होतं.

त्याचं तोंड कुंपणाकडे केलेलं होतं. आम्ही दोघांनी ते धरून फिरवलं. आलेर्सेचं लाकूड हलकं असतं. धडधाकट माणूस ते एकटा छातीशी धरून नेऊ शकला असता.

मधोमध दार. दोन्हीकडे एकेक खिडकी. छपरावर धुरासाठी दोन भोकं.

 

६

मी आधी चॅपलमध्ये गेले. आबेलिनो मेणबत्त्यांचं मेण खरवडत होता. मी बाकावर बसले आणि त्याला फक्त कसं कळलं ते सांगितलं, वर्गात गणित फोडून दाखवतात तसं.

परका चोर वस्तू किनाऱ्याकडे नेतो. बुधवारपासून लाँच आलेलीच नव्हती. फिदेलियाने जाळली असती, ते तिनेच सांगितलं. रुदेसिंदोने खिळे काढून फळ्या केल्या असत्या. ज्याने ती स्मशानाच्या आतच ठेवली, त्याला मेलेल्या माणसाची वस्तू कुंपणाबाहेर न्यायची भीती वाटत होती. त्याने रोसेंदावर पानं घातली. मग तिच्यापुढे गुडघा टेकून माफी मागितली. एकच गुडघा, आणि डावा पाय बाजूला लांब.

आबेलिनोने सुरी खाली ठेवली.

"मी दरवर्षी ते झुडूप मागे सारून साफ करतो," तो म्हणाला. "ती पाहुणी दोन खिडक्या म्हणाली आणि माझ्या डोळ्यांपुढे ते घर आलं. बाई, त्या घरावरून ती अर्धा वाटा मागेल. फिदेलिया कुठे जाईल?"

"फिदेलियाला विचारलंस?"

"ती मला ठेव तिथे आणि जा म्हणते. एवढ्यात काय विचारणार?"

मी त्याला म्हटलं, दुपारी शाळेत ये आणि ते छोटं घर तूच घेऊन ये. त्याने टोपी घातली.

शाळेत सगळे जमले. फिदेलिया तिच्या जुन्या बाकावर बसली आणि बाक कुरकुरला. इस्मेनिया शेकोटीशी. आबेलिनोने छोटं घर टेबलावर ठेवलं आणि कुणी विचारायच्या आत सांगून टाकलं की मीच हलवलं होतं आणि का. फिदेलियाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो भिंतीला टेकला.

"माझ्यासाठी चोरी केलीस," ती म्हणाली. "मेलेल्यांच्या घरी. आणि मला सांगितलं नाहीस." तिचे कान लाल झाले होते, पण आता खोटं बोलल्यामुळे नव्हे.

मग ती घराकडे वळली. दार मध्ये आहे, दोन खिडक्या आहेत, ठीक आहे. पण खेळण्यातलं घर कुणी कसंही बनवेल, यातून काही सिद्ध होत नाही. शंका चांगली होती. मी तिला तसं सांगितलं.

"आता एक प्रश्न," मी म्हटलं. "उंबरा कुठे झिजतो?"

"मध्ये," ती म्हणाली. "पाय पडतो तिथे."

"या शाळेचा?"

तिने दाराकडे पाहिलं. "खांबाजवळ. डावीकडे."

"तिथे पाय पडतो का?"

तिने मान हलवली, नाही.

"आणि तुझ्या घरचा?"

इस्मेनिया उठून उभी राहिली होती.

रुदेसिंदोने एक कागद शाळेच्या उंबऱ्यावर, खांबाला लावून ठेवला आणि वरून कोळसा घासला. कागदावर तो अर्धा डोळा उमटला: गाठीची काळी वर्तुळं, एकात एक, सरळ रेषेत कापलेली. कागद त्याने सदऱ्यात घातला आणि आम्ही सगळे उतारावरून खाली गेलो. फिदेलियाने स्वतः गोणपाट उचललं. उजवीकडच्या खळग्यात, खांबाला लागून, एक अर्धी गाठ वर आली होती. रुदेसिंदोने कागदाची कड तिला नेऊन भिडवली. वर्तुळं एकमेकांत मिळाली आणि डोळा पुरा झाला.

"पेहुएलच्या टोकावर एक घर होतं," मी म्हटलं. "रोसेंदाला दोन मुलं होती. रोसेंदा गेल्यावर त्या दोघांनी दाराच्या मधोमध करवत घातली. बाल्दोमेरोने आपलं अर्धं चॅपलशेजारी आणलं. कान्देलारियाचं तिथेच राहिलं. ती पाताग्योनियाला गेली, आणि तिच्या अर्ध्यात आपण सगळे वाचायला शिकलो. आजोबाला एकही भावंड नव्हतं असं तू चॅपलमध्ये म्हणालीस, फिदेलिया, आणि तू अक्षरं गिरवलीस ती त्याच्या बहिणीच्या घरात."

फिदेलिया वाकून त्या गाठीवर अंगठा फिरवत होती. "माझ्या आजोबाने बहिणीचं नाव कधी का नाही घेतलं?" तिने विचारलं. मला ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही असंच मी सांगितलं.

तेव्हा इस्मेनिया पहिल्यांदा तिच्याशी थेट बोलली. "मला घर नको. तिकडे मला माझं आहे, ऊबदार. आईला जागा हवी आहे. कागदावर लिहून देते."

"लिहायला काय, माणसं लिहितात," फिदेलिया म्हणाली. मग जरा वेळाने, "झगा मूर्तीवर टाकून परकरावर आली होती, हे खरं?"

"आई सांगायची."

"आमच्यात ते सांगत नाहीत," फिदेलिया म्हणाली. तिच्या ओठांच्या कडा हलल्या. "आमच्यात सांगतात की देवाने तिला कोरडी ठेवली."

ती सरळ झाली, आणि आबेलिनोकडे न बघता त्याला म्हणाली, "फिस्काल, लिहून घे काय घ्यायचं ते. एल्सिरा आमची."

पुरण्याआधी माणसाने एक रात्र आपल्या घरी काढायची, हा आमचा रिवाज. ती रात्र पेटीने शाळेत काढली. फिदेलियाने शेकोटी पेटवली, किसलेल्या बटाट्याचे मिल्काओ भाजले, आणि इस्मेनियाशेजारी पोरांच्या बाकावर बसून राहिली. शनिवारी पहाटे रोसेंदाच्या शेजारी खड्डा खणला. आबेलिनोने छोटं घर जागेवर ठेवलं, फुक्सिया नीट कापली, आणि एक गुडघा टेकला. या वेळी फिदेलियाने त्याला उठायला हात दिला.

लाँच दुपारची होती. वेळ होता. फिदेलिया आपल्या दाराशी येऊन थांबली. इस्मेनिया दोन पावलं मागेच उभी राहिली, बुधवारी जिथे तिला थांबवलं होतं तिथेच. पाऊस सुरू होता. गोणपाट कालपासून कुणी परत टाकलं नव्हतं.

फिदेलिया तिरकी होऊन आत गेली, मग वळून हात पुढे केला.

"भिजतेस कशाला," ती म्हणाली. "ये. इथे डावा पाय आधी."